दुसऱ्या महायुद्धाचे पारडे नेमके कुठे फिरले : मॉस्को, स्टालिनग्राड की आणखी कुठे?

माळरान

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही दहा-बारा जण इतिहासावर बोलायला जमतो. गेल्या बैठकीत दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला आणि चर्चा एका प्रश्नापाशी येऊन अशी अडली, की वाचनालय बंद करायची वेळ उलटून गेली तरी कुणी उठेना. हिटलरच्या जर्मनीचा पराभव नेमका कोणत्या लढाईने ठरला, एवढाच तो प्रश्न. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, स्टालिनग्राड, आणि यात वाद घालण्यासारखे काही नाही. दुसऱ्यांनी ६ जून १९४४ रोजी फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांचे सैन्य उतरले तोच क्षण खरा, असा आग्रह धरला. माझे मत दोघांपेक्षा वेगळे पडले आणि ते मांडताना मीच माझ्या मुद्द्यात अडकलो, म्हणून येथे विचारतो आहे.

मला वाटते की पारडे डिसेंबर १९४१ मध्ये मॉस्कोच्या वेशीवरच फिरले. २२ जून १९४१ रोजी सुमारे तीस लाख जर्मन सैनिक सोव्हिएत संघात घुसले, सप्टेंबरमध्ये एकट्या कीव्हच्या वेढ्यात सहा लाखांहून अधिक सोव्हिएत सैनिक कैद झाल्याचा दावा त्यांनी केला आणि तरीही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हे सैन्य राजधानीपासून हाकेच्या अंतरावर थिजून उभे राहिले. ५ डिसेंबरला सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला, ७ डिसेंबरला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि ११ डिसेंबरला जर्मनीने होऊन अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले. झटपट विजयाची आशा संपणे आणि जगातली सर्वांत मोठी औद्योगिक सत्ता शत्रू म्हणून अंगावर ओढवून घेणे, या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या.

आता माझी अडचण. जर १९४१ च्या हिवाळ्यातच जर्मन सैन्याचा कणा मोडला असेल, तर तेच सैन्य १९४२ च्या उन्हाळ्यात व्होल्गाच्या काठापर्यंत आणि कॉकेशसच्या डोंगरांपर्यंत पोहोचले कसे? शिवाय 'रशियाला थंडीने वाचवले' हे जे वाक्य सगळीकडे वाचायला मिळते, त्याने माझे समाधान होत नाही, कारण थंडी काही एकाच बाजूला पडत नव्हती. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

लोहमार्ग

माळरान, आपला थंडीविषयीचा संशय रास्त आहे. माझी सगळी नोकरी रेल्वेत गेली, त्यामुळे लढायांच्या वर्णनांपेक्षा त्यांच्यामागच्या मालगाड्यांकडे माझे लक्ष आधी जाते, आणि १९४१ ची मोहीम मला तरी रुळांवरच अडखळलेली दिसते.

सोव्हिएत रेल्वेचा गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, त्या काळी १५२४ मिलिमीटर होता, तर जर्मनीसह बहुतेक युरोपचा १४३५. म्हणजे फरक अवघा ८९ मिलिमीटरचा, बोटांच्या मापात सांगायचे तर चार बोटांपेक्षा थोडा जास्त. पण तेवढ्या फरकाने जर्मन इंजिन सरहद्दीपलीकडे एक चाकही पुढे टाकू शकत नव्हते. सोव्हिएत सैन्याने माघार घेताना इंजिने आणि वाघिणी शक्य तेवढ्या मागे नेल्या होत्या, त्यामुळे हाती लागलेल्या थोड्याथोडक्या गाड्यांवर भागणारे नव्हते. तेव्हा रूळच बदलणे आले.

येथे एक बारकावा सांगतो, जो पुस्तकांत एका ओळीत संपतो. रुंद मार्ग अरुंद करणे हे अरुंद मार्ग रुंद करण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते, कारण खालचे लाकडी स्लीपर आधीच पुरेसे लांब असतात. एका बाजूचा रूळ खिळ्यांतून मोकळा करायचा, आत सरकवायचा आणि पुन्हा ठोकायचा. जर्मन रेल्वे तुकड्यांनी हे काम झपाट्याने केलेही. पण मार्ग म्हणजे नुसते दोन रूळ नव्हेत. सांधे बदलावे लागतात, स्थानकांतले यार्ड बदलावे लागते, सिग्नल आणि तारायंत्राची व्यवस्था उभी करावी लागते. सोव्हिएत इंजिने जास्त पाणी घेऊन लांबचा पल्ला मारत असल्याने तिथली पाण्याची ठाणी दूरदूर होती. जर्मन इंजिनांची तहान त्याआधीच लागायची, म्हणून मधे नवी ठाणी बांधावी लागली. त्यात जर्मन इंजिनांच्या बऱ्याच नळ्या बाहेरच्या अंगाला होत्या. कडाक्याची थंडी पडली तेव्हा त्या गोठून फुटल्या आणि इंजिने मोठ्या संख्येने बंद पडली. सोव्हिएत इंजिने त्याच थंडीसाठी घडवलेली होती. थंडी दोघांना सारखीच होती, तयारी सारखी नव्हती.

जिथे नवा मार्ग संपून जुना सुरू होतो, तिथे प्रत्येक गाडीतला माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागतो. कुर्डुवाडीला बार्शी लाइटची नॅरोगेज आणि मुंबई-सोलापूर ब्रॉडगेज यांच्यामध्ये हे काम चालत असे. ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. एका वाघिणीतले पोते हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या वाघिणीत जाईपर्यंत मागे गाड्यांची रांग लागते, आणि ती मोकळी होईपर्यंत त्यामागची. शांततेच्या काळात, रोजच्या सवयीच्या हमालांकडूनही हे असे होते. मग लाखो सैनिकांचा दारूगोळा बाँबफेकीने मोडलेल्या स्थानकात हलवताना काय होत असेल, याची कल्पना करावी.

रेल्वेच्या टोकापासून आघाडीपर्यंतचे अंतर मालमोटारींनी कापायचे होते. जर्मन सैन्याकडे निम्म्या युरोपातून गोळा केलेल्या शेकडो नमुन्यांच्या मोटारी होत्या, त्यांचे सुटे भाग एकमेकांना बसत नव्हते, आणि जितके अंतर वाढे तितके वाहून नेलेल्या इंधनातले जास्त इंधन त्या स्वतःच पीत. त्याहून मागे घोडे होते. ज्या सैन्याची आठवण आपण केवळ रणगाड्यांनी ठेवतो, त्याने त्या मोहिमेत सहा लाखांहून अधिक घोडे नेले होते. ऑक्टोबरमध्ये पावसाने कच्चे रस्ते चिखलात बुडाले तेव्हा मोटारी आणि घोडे दोन्ही रुतले. नोव्हेंबरमध्ये जमीन कडक झाली, पण आता गाड्या कमी आणि मागणी जास्त, म्हणून निवड करणे भाग पडले: पुढच्या हल्ल्यासाठी दारूगोळा आणि इंधन धाडायचे की गरम कपडे? सेनापतींनी दारूगोळा निवडला. कपडे अस्तित्वात नव्हते असे नाही. बरेचसे मागे पोलंडमधल्या गोदामांत पडून राहिले. तेव्हा थंडीने जर्मनांना हरवले असे म्हणण्यापेक्षा, त्यांच्या गाड्यांच्या वेळापत्रकाने त्यांना थंडीच्या हवाली केले असे मी म्हणेन.

उत्तररात्र

लोहमार्ग यांचा प्रतिसाद वाचनीय आहे, परंतु अशा विवेचनात एक धोका असतो. सगळा दोष रूळ आणि चिखल यांच्या माथी मारला, की समोर कुणी लढत होते हे हळूहळू दिसेनासे होते. युद्धानंतर अनेक जर्मन सेनापतींनी आपल्या आठवणींत नेमके हेच केले: हवामान वाईट होते, रस्ते वाईट होते, हिटलर ऐकत नव्हता, आम्ही मात्र चुकलो नाही.

जर्मन सैन्याचा वेग प्रथम मंदावला तो थंडीत नव्हे, जुलै-ऑगस्टच्या भर उन्हाळ्यात, स्मोलेन्स्कच्या परिसरात, मॉस्कोपासून सुमारे ४०० किलोमीटरवर. तेथे सोव्हिएत सैन्याने माणसांची भयंकर किंमत मोजून प्रतिहल्ल्यांमागून प्रतिहल्ले केले. बहुतेक फसले, पण प्रत्येकाने जर्मन तुकड्यांतले अनुभवी सैनिक आणि दिवस दोन्ही खाल्ले. जर्मन लष्कराच्या जनरल स्टाफचे प्रमुख हाल्डर यांच्या ११ ऑगस्ट १९४१ च्या दैनंदिनीतली नोंद प्रसिद्ध आहे: युद्धाच्या आरंभी शत्रूच्या २०० डिव्हिजन (सैन्याच्या मोठ्या तुकड्या) धरल्या होत्या, आता ३६० मोजून झाल्या आहेत. ज्याला समोरच्याचे सैन्य किती हेच ठाऊक नव्हते, त्याचे रूळ वेळेवर पडले असते तरी हिशेब चुकणारच होता.

याच काळात जुलै ते नोव्हेंबर या पाच महिन्यांत सुमारे १५०० कारखाने उचलून उरल पर्वताच्या पलीकडे, सायबेरियात आणि मध्य आशियात हलवण्यात आले. लोहमार्ग यांना आवडेल असा हा मुद्दा आहे, कारण जी रेल्वे जर्मनांना दाद देत नव्हती, तिनेच यंत्रे, कामगार आणि त्यांची बायका-मुले पूर्वेकडे पोहोचवली आणि परतीच्या फेऱ्यांत पूर्वेकडच्या ताज्या डिव्हिजन मॉस्कोकडे आणल्या. जपान उत्तरेकडे सोव्हिएत संघावर न चढता दक्षिणेकडे वळणार, ही बातमी टोकियोतला सोव्हिएत हेर रिखार्ड झोर्गे याने कळवली होती, त्यामुळे त्या डिव्हिजन हलवण्याचे धाडस करता आले.

म्हणून मॉस्कोला कलाटणी म्हणायला माझी हरकत नाही, पण तिने काय बदलले हे नेमके सांगावे. मॉस्कोनंतर जर्मनी एका मोसमात युद्ध संपवू शकणार नव्हता. तो हरणारच, हे मात्र तेव्हा ठरले नव्हते.

माळरान

दोघांचेही आभार. ८९ मिलिमीटरचा हिशेब मी पुढच्या बैठकीत फळ्यावर काढून दाखवणार आहे. कुर्डुवाडीचे हमाल आमच्यापैकी दोघांनी प्रत्यक्ष पाहिलेले असल्याने त्यांना तो लगेच पटेल.

पण माझा मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे. रसद हेच दुखणे असेल, तर १९४२ मध्ये त्याहून लांबचा पल्ला गाठायचा विचार जर्मन सेनापतींनी केलाच कसा? आपल्याकडे पानिपताच्या आधीच्या महिन्यांत यमुनेपलीकडची रसद तुटल्यावर भाऊसाहेबांच्या छावणीचे काय झाले हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पोटाला नसेल तर फौज किती दिवस तग धरणार?

दूर्वांकुर

पानिपताची तुलना फार ताणू नये, तिथे परतीची वाटच अडली होती. मात्र आपल्या प्रश्नाचे उत्तर पोटाशीच आहे, फक्त माणसांच्या नव्हे, यंत्रांच्या. १९४२ मध्ये जर्मनी तेलासाठी निघाला.

आदल्या वर्षी तीन आघाड्यांवर एकदम चढाई करणारे सैन्य आता एकाच, म्हणजे दक्षिणेच्या आघाडीवर मोठी चढाई करू शकत होते. माळरान यांना जे मोडलेल्या कण्याने धावणे वाटते, ते असे आहे: दोन आघाड्यांवरच्या तुकड्यांतली माणसे, घोडे आणि मोटारी काढून तिसरीचे अंग भरले, आणि तरीही लांबलचक बगला राखायला रुमानियन, इटालियन आणि हंगेरियन सैन्ये उभी करावी लागली. २८ जून १९४२ ला चढाई सुरू झाली. कॉकेशसमधले मायकोप, ग्रोझ्नी आणि त्यापलीकडचे बाकू ही उद्दिष्टे होती. सोव्हिएत तेलाचा बहुतांश भाग बाकूमधून येत असे. मग २३ जुलैच्या आदेशाने हिटलरने सैन्य दुभंगले. एक भाग कॉकेशसकडे गेला, दुसरा स्टालिनग्राडकडे, आणि इंधन मात्र एकालाच पुरेल एवढे. ऑगस्टमध्ये मायकोप हाती आले तेव्हा विहिरी निकामी करून ठेवलेल्या होत्या. बाकूपर्यंत जर्मन कधीच पोहोचले नाहीत.

स्टालिनग्राडच्या रस्त्यांवरची लढाई सर्वांना ठाऊक आहे, तिच्यावर मी शब्द खर्च करत नाही. सोव्हिएत सेनापती चुइकोव्हच्या ६२ व्या सैन्याने व्होल्गाच्या काठची अरुंद पट्टी धरून ठेवली आणि जर्मनांचे उत्तमोत्तम सैन्य शहराच्या ढिगाऱ्यात गुंतवून ठेवले, एवढे सांगितले की पुरे. खरा घाव बाहेर पडला. १९ नोव्हेंबर १९४२ रोजी डॉन नदीच्या बाजूने आणि दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडून सोव्हिएत सैन्य रुमानियन तुकड्यांवर तुटून पडले. या रुमानियन तुकड्यांकडे रणगाडे थोपवणाऱ्या तोफा कमी आणि तोकड्या होत्या. २३ नोव्हेंबरला कलाचजवळ दोन्ही सोव्हिएत सोंडा मिळाल्या आणि जर्मन सेनापती पाउलुसचे सहावे सैन्य, अडीच लाखांहून अधिक माणसे, आत सापडले.

यापुढचा हिशेब मी आमच्या मुलांना गणिताच्या तासाला घालत असतो. वेढ्यातल्या सैन्याला किमान तग धरायला रोज ३०० टन, लढायचे असेल तर ५०० टन माल लागणार होता. युंकर्स ५२ हे मालवाहू विमान एका खेपेत सुमारे दोन टन नेत असे. म्हणजे किमान गरजेसाठीही रोज दीडशे यशस्वी फेऱ्या. हिवाळ्यात दिवस लहान, धुके दाट, पंखांवर बर्फ साचलेला, विमाने सकाळी सुरूच होत नाहीत म्हणून इंजिनाखाली शेकोटी पेटवावी लागे, आणि वाटेत सोव्हिएत लढाऊ विमाने व विमानवेधी तोफा. तरीही जर्मन हवाईदलप्रमुख गोअरिंगने हे जमेल असा शब्द दिला. त्या शब्दामागे एक अर्धवट समजलेला अनुभव होता: त्याच वर्षीच्या आरंभी देम्यान्स्कच्या वेढ्यात अडकलेल्या सुमारे एक लाख जर्मन सैनिकांना काही महिने विमानांनी जगवले होते. पण तिथे माणसे कमी, अंतर कमी आणि सोव्हिएत विमानदळही तेव्हा दुबळे. स्टालिनग्राडला सरासरी रोज शंभर टनांच्या आसपास माल उतरला. अनेक दिवस तर काहीच उतरले नाही.

सहाव्या सैन्याने हिवाळ्यात चाऱ्याचा खर्च नको म्हणून आपले बहुतेक घोडे आधीच दूर पश्चिमेला धाडले होते. वेढा पडल्यावर तोफा ओढायला जनावर नाही आणि मोटारींना इंधन नाही, अशी स्थिती झाली. जर्मन सेनापती मानश्टाइनचे मदतीला निघालेले सैन्य डिसेंबरमध्ये सुमारे ५० किलोमीटरवर येऊन थांबले. बाहेर पडायचे ठरवले असते तरी ते अंतर पायी, तोफांशिवाय, भुकेल्या माणसांनी कापायचे होते. २४ डिसेंबरला सोव्हिएत रणगाडे थेट तात्सिन्स्कायाच्या विमानतळावर, म्हणजे माल जिथून उडत होता तिथेच, घुसले. जानेवारीच्या मध्याला वेढ्याच्या आतला पितोम्निकचा विमानतळही गेला. ३० जानेवारीला हिटलरने पाउलुसला फील्ड मार्शल केले. जर्मन फील्ड मार्शल जिवंत शत्रूच्या हाती लागत नाही, हा त्यातला न बोललेला इशारा होता. दुसऱ्याच दिवशी पाउलुस शरण गेला. २ फेब्रुवारी १९४३ ला शेवटचा प्रतिकार थांबला. सुमारे ९१,००० कैदी झाले, त्यांतले सहा हजारांच्या आतच पुढे कधी तरी मायदेशी परतले.

तरीसुद्धा स्टालिनग्राडला 'शेवट' म्हणण्याची घाई करू नये असे मला वाटते. मार्च १९४३ मध्ये मानश्टाइनने खारकोव्ह परत घेतले. जुलैमध्ये कुर्स्कला जर्मन रणगाड्यांनी पुन्हा एकदा पुढाकार घेण्याचा प्रयत्न केला. आधीच्या दोन्ही उन्हाळ्यांत जर्मनांनी पहिला वार केला तेव्हा आघाडी फुटली होती. या उन्हाळ्यात पहिल्यांदाच ती फुटली नाही. त्या अर्थाने ५ जुलै १९४३ नंतरचे पंधरा दिवस मला स्टालिनग्राडइतकेच महत्त्वाचे वाटतात, जरी त्यांना स्टालिनग्राडसारखे नाट्य नाही.

उत्तररात्र

दूर्वांकुर यांच्याशी सहमत. नॉर्मंडीचा आग्रह धरणाऱ्या सभासदांसाठी दोन गोष्टी लिहितो. ६ जून १९४४ पूर्वी अटलांटिक महासागर मोकळा व्हावा लागला. मे १९४३ या एका महिन्यात जर्मनीच्या ४१ पाणबुड्या बुडाल्या आणि २४ मे रोजी जर्मन नौदलप्रमुख ड्योनिट्झने उरलेल्या उत्तर अटलांटिकमधून मागे घेतल्या. लांब पल्ल्याची लिबरेटर विमाने, आखूड लहरींचे रडार आणि फोडलेली सांकेतिक लिपी यांचे हे एकत्रित फळ होते. त्या महिन्याला युद्धाच्या इतिहासात जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळत नाही, कारण त्यात एकही शहर नाही आणि कुणाचा झेंडाही कुठे फडकत नाही.

दुसरे असे, की नॉर्मंडीनंतर सोळा दिवसांनी, २२ जून १९४४ रोजी, बेलारूसमध्ये सोव्हिएत सैन्याने चढाई केली आणि काही आठवड्यांत जर्मनांचा मध्य सेनासमूह जवळजवळ नाहीसा केला. १७ जुलैला सुमारे ५७,००० जर्मन कैद्यांची मॉस्कोच्या रस्त्यांतून धिंड काढण्यात आली. नॉर्मंडीने जर्मनी हरणार की नाही हे ठरले नाही. युद्ध किती लवकर संपेल आणि संपेल तेव्हा कोणाचे सैन्य युरोपात कुठे उभे असेल, हे ठरले.

सह्यकडा

चर्चा उत्तम चालली आहे, पण ती महायुद्धाऐवजी जर्मन-सोव्हिएत युद्धाची होऊन बसली आहे. पूर्वेकडेही पाहावे.

पॅसिफिकमधला कलाटणीचा दिवस बहुतेक जण ४ जून १९४२, म्हणजे मिडवेच्या लढाईचा दिवस, धरतात, आणि तो योग्यच आहे. फोडलेल्या जपानी संदेशांतले 'एएफ' म्हणजे मिडवे बेट याची खात्री करून घेण्यासाठी अमेरिकनांनी तिथले गोड्या पाण्याचे यंत्र बिघडल्याची खोटी बातमी उघड्या भाषेत सोडली आणि जपान्यांनी 'एएफला पाण्याची टंचाई' असे मुकाट्याने कळवले. त्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास काही मिनिटांत जपानच्या आकागी, कागा आणि सोर्यू पेटल्या, दुपारनंतर हिर्यू. चारही विमानवाहू नौका पर्ल हार्बरच्या हल्ल्यात होत्या. जपानी विमाने डेकवर उड्डाणाच्या बेतात उभी होती आणि पाच मिनिटे मिळाली असती तर निकाल उलटा लागला असता, ही गोष्ट मात्र आता सोडून द्यावी. हल्ल्याची बहुतेक विमाने अजून खालच्या हँगरमध्येच होती, हे नंतरच्या अभ्यासाने पुरेसे स्पष्ट झाले आहे.

मला अधिक लिहायचे आहे ते इंफाळ आणि कोहिमाविषयी, कारण स्टालिनग्राडच्या विमानफेऱ्यांचा हिशेब वाचताना तेच डोळ्यांपुढे आले. मार्च १९४४ मध्ये जपानी जनरल मुतागुचीचे पंधरावे सैन्य ब्रह्मदेशातली चिंदविन नदी ओलांडून मणिपूरकडे निघाले. सोबत जेमतेम तीन आठवड्यांचा शिधा होता. पुढचे इंफाळच्या गोदामांतून मिळवायचे असा बेत. आझाद हिंद सेनेच्या तुकड्याही या मोहिमेत होत्या आणि १४ एप्रिलला मोइरांगला त्यांचा ध्वज फडकला. आपले लोक त्या डोंगरांत दोन्ही बाजूंनी लढत होते, हे लिहिताना आजही लेखणी थबकते.

वाटेत सांगशाक नावाचे एक नागा गाव आहे. तिथल्या टेकडीवर ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण अडकली. जमीन खडकाळ, खंदक गुडघाभर खोल, टेकडीवर पाण्याचा झरा नाही, आणि विमानांतून टाकलेल्या मालातला बराचसा जपान्यांच्या बाजूला जाऊन पडे. २६ मार्चच्या रात्री वेढा फोडून बाहेर पडण्याचा हुकूम येईपर्यंत त्यांनी जपान्यांना तिथे खिळवून ठेवले. या चकमकीत ठार झालेल्या एका जपानी अधिकाऱ्याजवळ कोहिमाच्या चढाईचा नकाशा सापडला आणि तो वेढ्यातून निसटून इंफाळला पोहोचवण्यात आला. सांगशाकला गेलेले ते दिवस जपान्यांना पुढे कोहिमाला कमी पडले. आपल्याकडे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांची इटलीतली व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारी कामगिरी निदान नावाने ठाऊक असते. सांगशाकचे नाव मी पलटणीतल्या माणसांखेरीज कुणाच्या तोंडी ऐकलेले नाही.

इंफाळचा रस्ता कोहिमाला तुटला तो २२ जूनला १०९ व्या मैलाच्या दगडापाशी पुन्हा जुळेपर्यंत. तेवढा काळ मैदानातले सगळे सैन्य विमानांवर जगले. पाचवी भारतीय डिव्हिजन तर ब्रह्मदेशातल्या आराकानच्या आघाडीवरून तोफा आणि खेचरांसह विमानांनी उचलून आणली, आणि जे लढणारे नव्हते अशा हजारोंना परतीच्या विमानांतून बाहेर काढून खाणारी तोंडे कमी केली. गोअरिंगला जे साधले नाही ते येथे साधले. आकाश दोस्तांच्या ताब्यात होते, मैदानात विमानतळ बरेच होते आणि विमानेही पुरेशी होती. भुकेने मेले ते वेढा घालणारे. जपानी जनरल सातोच्या ३१ व्या डिव्हिजनने शिधा येत नाही हे पाहून हुकूम मोडून माघार घेतली. मोहिमेत जपान्यांची पन्नास हजारांहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली, आणि त्यांतली पुष्कळशी गोळीने नव्हे, उपासमारीने आणि रोगाने.

मी कोहिमाला दोनदा गेलो आहे. उपायुक्तांच्या बंगल्याच्या ज्या टेनिसच्या मैदानावर दोन्ही सैन्ये एका कोर्टाच्या अंतरावरून लढली, त्याच्या पांढऱ्या रेघा दफनभूमीत सिमेंटने आखून ठेवल्या आहेत. वरच्या अंगाला ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचे वेगळे स्मारक आहे, कारण त्यांचे दहन झाले.

लोहमार्ग

सह्यकडा, आपण दिमापूरचा उल्लेख केला नाहीत म्हणून पुस्ती जोडतो. कोहिमाच्या खाली सुमारे ७० किलोमीटरवरचे दिमापूर हे मीटरगेजचे स्थानक आणि सगळ्या आघाडीचे कोठार होते. अकरा मैल लांब आणि मैलभर रुंद पसरलेले. कलकत्त्याहून माल ब्रॉडगेजने पार्बतीपूरपर्यंत यायचा, तिथे उतरवून मीटरगेजच्या वाघिणींत भरायचा, मग ब्रह्मपुत्रेपाशी वाघिणी फेरीबोटींवर चढवून पांडूला उतरवायच्या आणि पुढे आसामभर ओढायच्या. ८९ मिलिमीटर कुठे आणि आमचे १६७६ वरून १००० कुठे! १ मार्च १९४४ पासून या मार्गाचा मोठा भाग अमेरिकन रेल्वे तुकड्यांनी चालवायला घेतला आणि वाहतूक वाढली, म्हणजे जपानी चढाईच्या अगदी तोंडावर.

सातोच्या माणसांनी कोहिमाला अडकून न पडता दिमापूर गाठले असते तर त्यांना शिधाही मिळाला असता आणि रूळही. वरिष्ठांनी त्याला परवानगी दिली नाही.

माळरान

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या रविवारी भिंतीवर दोन नकाशे लावणार आहे, एक स्टालिनग्राडच्या वेढ्याचा आणि एक इंफाळच्या मैदानाचा, आणि दोन्हींवर विमानतळांच्या जागी लाल टाचण्या टोचून ठेवणार आहे. मॉस्कोविषयीचे माझे मत मी 'झटपट विजय तिथे संपला' एवढ्यापुरते राखून ठेवतो. उत्तररात्र यांनी ओढलेली रेघ मान्य आहे. स्टालिनग्राडवाल्या काकांना कुर्स्कचे पंधरा दिवस पटवणे मात्र माझ्या एकट्याच्या आवाक्यातले नाही, तेव्हा दूर्वांकुर, त्या पंधरा दिवसांवर सवडीने वेगळा धागा काढाल का?